हिरव्या काठाची वाकळ

बेहडटोला, पो. सौंदड
रविवार, १९ जानेवारी १९५८

प्रिय प्रेमिला,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. सोबतचा, सिलोनला जायच्या परवानगीच्या सहीचा कागद तेव्हापासून आरशामागे खोचलेला आहे आणि रोज केस विंचरताना त्याचा कोपरा मला दिसतो. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की सिलोनला पूर आला तर सिलोनवाले बघून घेतील. नागपूरला राहून तू नर्सचं शिक्षण पुरं केलंस तेवढं पुरे, लग्नाच्या वयाच्या पोरीने समुद्र ओलांडून परक्यांची घाण काढायला जायचं काही अडलेलं नाही. त्यावर तू एकच ओळ लिहिलीस, सिलोनहून आपल्याकडे यायला निघालेल्या सोमावतीताईंच्या आईनेही त्यांना हेच सांगितलं असेल. मला फार राग आला. ते पत्र मी चुलीपाशी नेलं, पण चुलीत घातलं नाही. आज उत्तर लिहायला बसले आहे. पत्र लांब होणार. एका बैठकीत वाच आणि मधेच टाकू नकोस, कारण जे सांगायचं आहे ते मला पहिल्या पानावर लिहिता येत नाही.

आधी घरचं. धानाचं चुरणं झालं, यंदा बरं उतरलं. धानाच्या बांध्यांमध्ये लाखोरीची डाळ निळ्या फुलावर आली आहे. गाय व्याली, गोऱ्हा झाला. शेजारची मंदाबाई रोज तुझी चौकशी करते, म्हणजे टोचते. परवा कुंपणावरून म्हणाली, "देवकाबाई, पोरगी सुई टोचाले शिकली, आता जावई भेटन तं तोही भेतभेतच येईन." मी म्हटलं, भिणारा नकोच मला. तिचे दात पडले आहेत, तरी जीभ काही सैल झाली नाही.

आता कालचं सांगते. काल आपल्या गावात आभाराची सभा झाली आणि तेव्हापासून मला भात गिळवत नाही. आपल्या गावाची, आपल्या माणसांची आणि माझी स्वतःची मला इतकी शिसारी आली आहे की हे लिहिल्याशिवाय जाणार नाही.

पाच वर्षांपूर्वीच्या हैजात, तुम्ही कॉलरा म्हणता त्या साथीत, जे सेवापथक आपल्याकडे आलं होतं, त्यातली तीन माणसं काल जीपने आली. सोमावती नव्हती, ढाक्याचा डॉक्टर अन्वरही नव्हता. पथकाचे नागपूरचे चिटणीस, एक नेपाळचा तरुण मुलगा आणि सिलोनचे एक वयस्कर गृहस्थ. पूर्वी कुठे कुठे काम झालं ते बघत ते चालले होते. ही बातमी लागल्याबरोबर टेकचंद पटलांनी तहसीलदाराला बोलावणं धाडलं, मांडव घातला आणि एक दगड कोरून घेतला. मालगुजारीची मालकी गेली तरी पटील सरपंच म्हणून त्याच ओट्यावर बसतात, हे तुला माहीतच आहे. मंगळवारी ते आपल्या दारात आले. मास्तरांचा घसा बसला आहे, मानपत्र तुम्ही वाचा, म्हणाले. मला नवल वाटलं. त्यांच्या मुलाच्या, उदारामच्या लग्नात मी हळदीच्या मांडवाजवळून गेले तर त्यांच्या घरच्या बायांनी मला आडवाटेने काढून दिलं होतं. म्हणून मी विचारलं, माझ्यासारखी विधवा बाई शुभकार्यात कशी चालेल? तर पटील म्हणाले, "हे शुभकार्य थोडीच हाय बाई, हा तं सरकारी प्रोग्राम हाय. पाव्हण्यायले बाईमाणूस वाचतानी दिसलं पायजे."

खरं सांगते, तरीही मला बरं वाटलं. तुझ्या अंकलिपीवर बोट फिरवत आणि गुळाच्या पुड्यांचे कागद सोडवून वाचत मी शिकले. चाळिसाव्या वर्षी मला चार लोकांसमोर वाचायला कोणी बोलावतं आहे, याची हाव सुटली. कागद हातात घेतला तेव्हाच त्यात काय लिहिलं आहे ते कळलं होतं. गोंदियाला शिकलेल्या उदारामने लिहिलेलं ते मानपत्र होतं. अक्षर मोत्यासारखं होतं, आणि त्यातली एकेक ओळ घाणीत बुडवून काढावी तशी खोटी होती.

"आम्ही ग्रामस्थांनी आपली घरे व अंतःकरणे या पाहुण्यांसाठी उघडली." तू तेव्हा सतरा वर्षांची होतीस, तुला आठवत असेल कोणतं घर उघडलं ते. ढोरांचा कोंडवाडा. श्रावणातला पाऊस, वरून गळतं, खाली शेणाचा चिखल, आणि तिथे एक सिलोनची बाई आणि एक ढाक्याचा डॉक्टर पोत्यावर निजत होते. बालाघाटकडे गावागावांत विहिरी खोदणाऱ्या पथकातून आपल्या इथली बातमी ऐकून ते दोघे आपण होऊन आले होते. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी पगार देणार नव्हतं. पाकिस्तानचा आहे हे कळल्यावर डॉक्टरला विहिरीवर चढू दिलं नाही. पटलांचा गडी वरून पाणी ओतायचा आणि डॉक्टर खाली ओंजळ धरून प्यायचा. ज्याने आपल्या हातांनी गावाची हगवण उपसली, त्या हातांवर लांबून पाणी ओतलं. ते गेल्यावर कोंडवाड्यात गोमूत्र शिंपडलं. ढोरं होती तेव्हा कधी शिंपडलं नव्हतं.

पटलांवर मी थुंकीन, पण आपल्या घरातलंही लिहिते. आपल्या ओट्याच्या बाहेरच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप होता. डॉक्टरला चहा मी त्यातच देत होते. तो प्यायचा, स्वतः धुवायचा आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालून ठेवायचा. आतल्या खोलीत तुझ्या हाताच्या शिरेत त्याने घातलेली सुई होती आणि बाहेर कोनाड्यात त्याचा कप होता. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. आता तो कप आठवला की अंगावर काटा येतो.

पण मी पुढे चालले. आधी गाड्याचं लिहायला हवं.

तुझे बाबा नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पडले आणि दीड दिवसात गेले. गावातलं ते पहिलं मरण. आठ दिवसांत आणखी चार माणसं गेली. मग भगताने सांगितलं की मरीमायचा गाडा काढा. हा गाडा तू लहानपणापासून पाहिला आहेस, पण नागपूरच्या तुझ्या मैत्रिणींना सांगशील तर त्यांना खरं वाटणार नाही. सुताराने केलेला हातभर उंचीचा गाडा, त्यावर मातीची माय, कडुनिंबाचा पाला, लिंबू, जुनं सूप, झिजलेला झाडू आणि रोग शिरलेल्या घरातली एखादी वस्तू. वाजतगाजत तो गावाच्या शिवेपर्यंत ओढायचा, पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडायचा आणि मागे न बघता परत यायचं. मग पलीकडच्या गावाने तो पुढच्या शिवेवर न्यायचा. आपला रोग शेजाऱ्याला द्यायचा आणि घरी येऊन गोड खायचं. माझ्या सासूने ते केलं, तिच्या सासूने केलं. कोणाच्या मनात आलं नाही की शेवटच्या गावाने काय करायचं. आपल्या पलीकडे आवळटोला आहे. जंगलकामावर जाणाऱ्या गोंड माणसांची तीस घरं. त्यांच्या पलीकडे नागझिऱ्याचं रान. ते गाडा कुठे नेणार? वाघाच्या शिवेवर?

त्या वर्षी चिखल इतका की नाल्यापाशी गाड्याचं चाक मोडलं. पुढे मोहाच्या झाडाखाली कोरड्यात ठेवायचा तो तिथेच नाल्याच्या काठावर लोटून सगळे परत फिरले. मागे बघायचं नसतं, म्हणून तो पाण्यात घसरला हे कोणी पाहिलंच नाही. आवळटोल्याचे लोक त्याच नाल्याचं पाणी पितात. पंधरा दिवसांत त्यांची अकरा माणसं गेली. तीस घरांतली अकरा.

मानपत्रात लिहिलं होतं की, "आमच्या गावाने शेजारधर्म जागवला." हे मी वाचलं. माझ्या तोंडाने, मोठ्या आवाजात वाचलं. वाचताना वर बघितलं तर मांडवाबाहेर कुंपणाला टेकून आवळटोल्याचा मनीराम उभा होता. मांडवाचे बांबू आणि पाला त्यानेच आणला होता. त्याला आत बसा म्हणायची कोणाला गरज वाटली नाही. खांद्यावर कुऱ्हाड, मान जराशी वाकडी, असा तो ऐकत होता.

पुढे आणखी घाण आहे. पाहुण्यांची नावं घेताना मानपत्रात सोमावतीचं नाव होतं, डॉक्टर अन्वरचं नव्हतं. मंगळवारीच मी पटलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तहसीलदारासमोर पाकिस्तानचं नाव घेता का? जेवढं लिवलं तेवढं वाचा ना बाई, कायले डोकं खाऊन राहिल्या." मी मनात ठरवलं होतं की त्या ठिकाणी आले की नाव मी माझ्या तोंडाने घालीन. कोण थांबवणार होतं? त्या ठिकाणी आले, थांबले. समोर पटील, तहसीलदार, सारा गाव. मंदाबाई पुढे बसली होती, तिला वाटलं मला दम लागला, तिने पाण्याचा लोटा पुढे केला. मी पाणी प्यायले आणि खालची ओळ वाचली. बस, इतकंच. दोन दिवस आणि दोन रात्री तुझ्या उशाशी बसलेल्या माणसाचं नाव घ्यायला मला हिंमत झाली नाही. टाळ्या वाजल्या. सिलोनचे ते गृहस्थ उठले, हात जोडले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना सगळं खरं वाटलं. ते पाणी बघून मला आपल्या गावाची जी किळस आली ती आधी कधी आली नव्हती.

मग दगडावरचं फडकं काढलं. "रोगनिवारण कार्यात सहकार्य करणारे सेवाभावी ग्रामस्थ." पहिलं नाव टेकचंद पटील. खाली सात नावं. सातवं नाव, कैलासवासी गोवर्धन. तुझे बाबा. पथकाने गावात पाय ठेवायच्या बारा दिवस आधी ते राख झाले होते. त्यांनी कोणाला सहकार्य केलं? मी निमूट वाचावं म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव त्यांनी दगडावर घातलं. पटील माझ्याकडे बघून हसलेही, बघा तुमच्यासाठी काय केलं, असं. आवळटोल्याच्या अकरांपैकी एकाचंही नाव त्यावर नाही.

घरी येऊन मी ओकले. खरोखर ओकले. मंदाबाई विचारायला आली तर दार लावून घेतलं. पण तेवढ्याने काही बाहेर पडलं नाही, प्रेमिला. जे पडायला हवं ते तुला आता लिहिते.

आपल्या घरात हिरव्या काठाच्या दोन वाकळी होत्या. माझं लग्नातलं लुगडं फाटल्यावर मी त्याचा काठ दोन तुकड्यांत कापला आणि दोन्ही वाकळींच्या कोपऱ्याला लावला. एक तुझ्या बाबांची, एक तुझी. बाबा गेले तेव्हा त्यांच्या अंगाखाली त्यांची वाकळ होती. ती पार भरली होती. लोक म्हणाले जाळून टाक. तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं की जाळली. पोरी, मी जाळली नाही. मला जाळवली नाही. माणूस जाळून आले होते, आता त्याची वाकळही जाळायची, हे माझ्याने होईना. मग भगत म्हणाला की ज्या घरातून रोग सुरू झाला त्या घरची वस्तू गाड्यावर द्या. मला ती वाट सापडली. वाटलं, गाडा मोहाच्या झाडाखाली राहतो, वाकळ तिथे राहील. जळणार नाही, सडेल तेव्हा सडेल, पण असेल कुठेतरी. मी माझ्या हाताने ती घडी करून गाड्यावर ठेवली. काठ वर येईल अशी घडी घातली.

ती नाल्यात गेली. सोमावतीने चार दिवसांनी ती बांबूने ओढून बाहेर काढली. ओली, कुजलेली. वाकळ बांबूवर लटकवून ती आपल्या गावात आली आणि चावडीसमोर उभी राहून तिच्या मोडक्या हिंदीत विचारत होती, यह किसका है, कौन डाला पानी में? गाव जमलं होतं. मीही होते, पाण्याची घागर कमरेवर घेऊन. पटील म्हणाले, जंगलातल्या लोकांचं असेल, त्यांना काय समजतं. मंदाबाईने त्या काठाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. ती आयुष्यात तेवढी एकदाच गप्प बसली. मीही गप्प बसले. सोमावतीने तिथेच रॉकेल ओतून वाकळ जाळली. जे मला करवलं नाही ते एका परक्या बाईने केलं आणि मी घागर घेऊन घरी आले. तीच घागर, तेच पाणी. उकळून प्या असं ती दारोदार सांगत फिरत होती. मी तिला हसले होते, पाणी म्हणजे काय भात आहे शिजवायला?

तिसऱ्या दिवशी तू पडलीस.

त्या वेळी डॉक्टर आणि सोमावती आवळटोल्यात होते. नाला दुथडी भरून वाहत होता. तुझे डोळे खोल गेले होते, बोटं सुरकुतली होती, हाक मारली तर तू बघत नव्हतीस. मी नाल्याच्या काठावर जाऊन बोंबलले. पलीकडून मनीरामने ऐकलं. थोड्या वेळाने पाहिलं तर तो छातीएवढ्या पाण्यातून येतो आहे, डोक्यावर सलाईनच्या बाटल्यांची पेटी, एका हाताने पेटी धरलेली, कमरेला बांधलेल्या दोराला धरून मागून डॉक्टर आणि सोमावती. शेवटच्या पाच बाटल्या होत्या त्या. पेटी आपल्या ओट्यावर ठेवून मनीराम लगेच परत गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही, आणि मीही विचारलं नाही. त्याची आठ वर्षांची फुलवंता त्याच सकाळी गेली होती, हे मला दोन दिवसांनी कळलं.

डॉक्टरने बाटली आढ्याला टांगली. रात्रंदिवस बसला. मधेच म्हणाला, आमच्या ढाक्याकडेही असाच धान असतो, या बांध्या बघितल्या की घर आठवतं, धाकटी बहीण हिच्याएवढीच आहे. सोमावती तुझं अंग पुसत होती. पुसता पुसता तिने तुझी वाकळ बाजूला केली आणि तिचा हात थांबला. कोपऱ्याला हिरवा काठ, त्यावर पिवळी फुली. तिने तो अंगठ्याने चोळला. मग माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला टेकून उभी होते. आता ओरडेल, आता डॉक्टरला सांगेल, आता पेटी उचलून निघून जातील, असं मला वाटलं. ती उठली. आपली मोठी हंडी चुलीवर ठेवली, पाणी भरलं आणि वाकळ त्यात घातली. दुपारभर लाकडं सारत उकळली. पाऊस थांबल्यावर कुंपणावर वाळवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळवली, आणि तुझ्या अंगावर घातली. मला एवढंच म्हणाली, "उबालना, अम्मा. पहले उबालना." पुढे महिनाभर ती गावात होती. रोज दारात यायची. त्या गोष्टीचा एक शब्द तिने काढला नाही. ना मला, ना कोणाला. मीही काढला नाही. जाताना मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिने मला धरलं. तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं.

पाच वर्षं मी लोकांना सांगत आले की आमच्या पोरीला परदेशी माणसांनी वाचवलं, फार उपकार झाले. आभार मानायला काय लागतं, तोंड लागतं. पटलांनाही आहे, मलाही आहे. काल मानपत्र वाचून झाल्यावर मला कळलं की पटलांचं खोटं आणि माझं खोटं एकाच गाड्यावरचं आहे.

म्हणून आज सकाळी मी आवळटोल्याला गेले. पाच वर्षांत पहिल्यांदा. मनीरामची बायको दुर्पता अंगणात सुपात कोदोचं धान्य पाखडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, नाल्यात सापडलेली ती वाकळ माझी होती, माझ्या नवऱ्याच्या अंगाखालची, मी गाड्यावर ठेवली. तिचं सूप थांबलं नाही. म्हणाली, "माहीत हाय. गाडा काई आपल्या पायानं नाई आला." मी म्हटलं, माझी होती हे माहीत होतं? "तुमच्या गावाची होती. कोनाची का होती, त्यानं माही पोरगी येते का परत?" मनीराम दारात येऊन बसला. त्याला विचारलं, मग तू पेटी घेऊन आलास तरी का? पोर त्याच दिवशी गेली होती ना तुझी? त्याने विडी वळली. "डाक्टर मनला, पोरगी पडली हाय, पेटी पलीकडं न्या लागते. हैजा किती जल्दी नेते ते सकाळीच पाहून राहिलो होतो ना बाई. म्हनून जल्दी आलो."

तिने मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही, मागायचं तोंड नव्हतं. निघताना दुर्पता म्हणाली, "एवढं चालत आल्या, तं पानी पेऊन जा." तिने लोटा दिला आणि मी तो तोंडाला लावला. पाण्याला धुराचा वास होता. मी बघितलं तर चुलीवर हंडी. ती म्हणाली, "सिस्टरबाई सांगून गेली तवापासून उकळूनच पेतो. तुमच्याकडं नाई उकळत का?" नाही उकळत, प्रेमिला. मी उकळते, आणखी दोन घरं उकळतात. बाकी गाव मानपत्र ऐकून टाळ्या वाजवतं आणि विहिरीचं पाणी तसंच पितं.

तिथून येताना मी नाल्यावर थांबले. उन्हात तो एवढासा वाहतो आहे. ही एवढी शीव आम्हाला ओलांडवली नाही, आणि ती माणसं कुठून कुठून आली. ढाक्याहून येणाऱ्याला तर वाटेत अशी शीव लागली जिच्यावर माणसं कापली गेली होती. तरी आला. आमचं नाव न विचारता आला, आणि आम्ही त्याचं नाव कागदावरही ठेवलं नाही.

मी तुला नको म्हटलं ते तुझ्या काळजीने म्हटलं असं मी स्वतःलाही सांगत होते. ते खोटं आहे. सिलोनला गेलीस तर तू सोमावतीला भेटशील आणि ती तुला वाकळीचं सांगेल, याची मला भीती होती. जिने पाच वर्षं नाही सांगितलं ती आता काय सांगणार, हे आज कळतं. म्हणून मीच सांगते आहे. तुझ्या कागदावर सही केली आहे. देवकाबाई, पूर्ण नाव, काना, मात्रा, वेलांटी तपासून. मंगळवारी टिकाराम पोस्टमन सौंदडला जाताना हे पत्र आणि एक गाठोडं घेऊन जाईल, म्हणजे शुक्रवारच्या तुझ्या गाडीआधी तुला मिळेल. तिथे सोमावतीला शोध. तिला सांग, ती वाकळ माझी होती, आईने आपल्या तोंडाने कबूल केलं आहे, आणि आवळटोल्याची दुर्पता अजून पाणी उकळते. तिच्याकडून डॉक्टर अन्वरचा पत्ता घे आणि मला कळव, त्याचं नाव घालून मी माझ्या हाताने लिहीन. गाठोड्यात तुझी वाकळ आहे, हिरव्या काठाची, उरलेली. पुरात सगळं गेलं असेल अशा कोणाच्या तरी अंगावर ती घाल. मी ती हंडीत घालून आज दुपारभर उकळली आहे आणि उद्या दिवसभर ऊन दाखवीन. तरी तिथे पोचल्यावर, कोणाला देण्याआधी, तू ती पुन्हा एकदा उकळ.

तुझीच,
आई